‘खून केली’ असे वाचावे

आज ती तारीख. तारीख इथे लिहीत नाही. ज्याला ती पाठ असायला हवी त्या संपतला ती पाठ आहे, आणि सोमाटण्याच्या फाट्यावरच्या आपल्या दुकानासमोरचं बाकडं त्यानं सकाळीच धुऊन ठेवलंय, असा त्याचा फोनही येऊन गेला. मी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत पेपर दोन आहेत, पण आधी जुना. घड्यांवर फाटलेला, कडेनं पिवळा पडलेला, आणि पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत तांबड्या शाईनं रंगवलेला. एखाद्या ढ मुलाची सहामाहीची उत्तरपत्रिका दिसावी तसा.

ही तांबडी शाई घारेबाईंची. बाई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. जाताना त्यांनी दागिने भाचीला दिले, शेत नाइलाजानं पुतण्याला दिलं आणि सूड मला दिला.

परंदवडीच्या शाळेत आम्ही वीस-बावीस वर्षं बरोबर होतो. मी गणिताचा, बाई मराठीच्या. अंगानं एवढीशी बाई, फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचत नसे. पण वर्गात शेवटच्या बाकावरच्यानं मनातल्या मनात ऱ्हस्व-दीर्घ चुकवला तरी बाईंना फळ्यापाशी कळे. पोरं त्यांना ‘घार’ म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. एकदा मुतारीच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं ‘घार आलि’ असं लिहिलं, तेव्हा बाईंनी त्यातली ‘लि’ दीर्घ केली आणि बाकीचं तसंच राहू दिलं.

पर्समध्ये नेहमी तांबडं पेन. लग्नाची पत्रिका आली की आधी ती तपासायची. ‘शुभाशिर्वाद’ दिसला की गोल, बाजूला ‘शी’, खाली शेरा: ‘मुलाकडून ही अपेक्षा नव्हती’. पत्रिका ज्याची त्याला परत, आणि लग्नाला मात्र स्वतः हजर, आहेरासकट. आमच्या तालुक्याचे एक भाऊ आहेत. नाव सांगत नाही. त्यांच्या वाढदिवसाला फाट्यावर एवढे फलक लागतात की तुम्हाला ते माहीतच असणार. त्या फलकांवर दरवर्षी ‘अभिष्टचिंतन’ छापलेलं असे. एका वर्षी बाईंनी चहाच्या टपरीवरचं स्टूल मागून घेतलं, पदर खोचला, डबीतून तांबडा ऑइलपेंट काढला आणि भर चौकात भाऊंच्या कानाजवळचा ‘भि’ दीर्घ करून टाकला. कार्यकर्ते धावत आले. बाई स्टुलावरूनच म्हणाल्या, “सातवी ब. मधल्या रांगेत बसायचास. तेव्हाही तुला वेलांटी यायची नाही.” कार्यकर्त्यानं स्टूल धरून ठेवलं.

पण बाईंचं खरं वैर होतं ते एका अक्षराशी. किंवा त्या अक्षराच्या जागी येणाऱ्या दुसऱ्या अक्षराशी. आमच्या मावळात ‘ण’ फार कमी जणांच्या तोंडी बसतो. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. बाई माहेरच्या तळेगावच्या, त्यांना ते सहन व्हायचं नाही. “न हा आळशी माणसाचा आहे,” त्या म्हणायच्या, “दातांमागे पडून राहतो. ण साठी जिभेला उठावं लागतं. उठा!” आणि सगळा वर्ग जीभ टाळूला लावून माना वर करून बसायचा.

त्यांच्या तासाला पाणी प्यायला सुट्टी मागायची एकच रीत होती.

“बाई, पानी पिऊन येऊ?”

“पानी संपलं. पाणी आहे.”

पोरं अडखळत का होईना ‘पाणी’ म्हणायची आणि पळायची. एका संपतलाच ते कधी जमलं नाही. पाचवी ते सातवी तो बाईंच्या तासाला तहानलेलाच राहिला. शेवटी त्यानं त्यावर तोड काढली: तो लघवीला सुट्टी मागायचा आणि टाकीवर पाणी पिऊन यायचा. त्या शब्दात ‘ण’ नव्हता. बाईंना ही युक्ती कळली तेव्हा त्या शिक्षकांच्या खोलीत येऊन खूप हसल्या, पण सवलत दिली नाही.

बाई निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. परंदवडीला घर आणि भाताचं एक खाचर. शेजारचं खाचर पुतण्याचं, किसनचं. आजूबाजूला कारखाने आले, गोदामं आली, तसा या दोन खाचरांमधला बांध चालायला लागला. दर नांगरटीला वीतभर बाईंकडे. “किसनचा बांध पायांनी चालतो,” बाई सांगायच्या, “आणि तोही एकाच दिशेनं.” शेवटी त्यांनी ओढ्यातले मोठे दगड आणवले, त्यांना गेरू फासला आणि जुन्या बांधाच्या रेषेवर ओळीनं पुरले. म्हणजे बांधावर खूण केली. किसननं ते दगड उपटून परत ओढ्यात टाकले. तलाठी आले, पंचनामा झाला. गोष्ट एवढीच होती.

तोवर संपत मोठा होऊन फाट्यावर झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकून बसला होता, आणि शिवाय एका दैनिकाचा वार्ताहर झाला होता. टायपिंग येत नसे, म्हणून तो पुण्याच्या कचेरीत फोन लावून बातम्या तोंडी सांगायचा. आपल्या बाईंची बातमी द्यावी, पेपरात त्यांचं नाव यावं, असं त्याला वाटलं. त्यानं फोनवर सांगितलं: “घारेबाईंनी बांधावर खून केली.”

पुण्याला जो कोणी टेबलावर बसला होता त्यानं विचारलं, “केली की केला?”

संपत म्हणाला, “केली.”

पुणेकराला गावाकडच्या माणसाची दया आली. त्यानं व्याकरण सुधारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी वराळ्याला माझ्या गॅलरीत बसून पेपर उघडला. तिसऱ्या पानावर, वर, चार कॉलमी: ‘निवृत्त शिक्षिकेने बांधावर केला खून’. खाली मजकूर: परंदवडी येथील निवृत्त शिक्षिका श्रीमती घारे यांनी बांधावर खून केला. नंतर पुतण्याने दगड ओढ्यात टाकले. तलाठ्यांनी पंचनामा केला.

मेला कोण, हे कुठेच नव्हतं. ते विचारायची गरज पुण्यात कोणाला वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटली नाही. मी गणिताचा माणूस. बाईंचा राग मला माहीत होता, किसन माहीत होता, भात कापायचा विळा कुठे टांगलेला असतो तेही माहीत होतं. मी बेरीज केली आणि मला ते पटलं. हातातला चहा संपवला, स्कूटर काढली आणि परंदवडीला गेलो.

अंगणात हवालदार उभा होता. बाई ओट्यावर, हातात पेपर.

“बाई, मयत कोन हाय?”

“कोण.”

“तेच इचारतोय की. कोन?”

“कोण! जीभ वर घ्या.”

“बाई, मी डूटीवर हाय,” हवालदार काकुळतीला आला. “बांधावर जाऊन आलो, तर समदं तांबडं. मला वर फोन करायचाय. कोन मेलंय तेवढं सांगा.”

“तो गेरू आहे. आणि अजून कोणी मेलेलं नाही.”

एवढ्यात किसन धापा टाकत आला. “काकी, लोक म्हनत्यात मी मेलोय! सासरवाडीची मानसं रडत निघाल्यात हिकडं!” बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत गावभर फिरवलं. देवळापुढे थांबल्या, दूधडेअरीपुढे थांबल्या, सोसायटीपुढे थांबल्या. प्रत्येक ठिकाणी त्याचा हात वर करून म्हणाल्या, “हा बघा. जिवंत आहे. माझा इलाज नाही.” त्या दिवसापासून किसनचं नाव बाईंपुरतं बदललं. “अरे मयता, वीजबिल भरून ये.” “मयताला म्हणावं, जीप काढ.” तो पुढे बाई असेपर्यंत त्यांची कामं करत राहिला. काकीच्या हातून एकदा मेलेला माणूस, पुन्हा कशाला वाद घालेल? बांधही परत जागेवर आला.

परत आल्यावर बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

“पेपर तुमच्याकडे कधी येतो?”

“साडेसहाला.”

“तुम्ही इथे आलात साडेसातला. वराळ्याहून स्कूटरवर पंचवीस मिनिटं. गणित तुमचंच आहे. उरलेली पस्तीस मिनिटं काय करत होतात?”

“बाई, चहा घेत होतो.”

“म्हणजे चहा संपेपर्यंत मी खुनी होते.”

त्यानंतर बाईंच्या घरी मला चहा मिळाला नाही. ताक मिळालं, कोकम सरबत मिळालं, एकदा दिवाळीत चक्क केशराचं दूध मिळालं. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला चहा मिळायचा. मला नाही.

संध्याकाळपर्यंत आख्ख्या परंदवडीला खरं काय ते कळलं होतं, लोक हसून हसून दमले होते. मलाही वाटलं, झालं, संपलं. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्या वर्षी बाई प्रमुख पाहुण्या होत्या. चार दिवसांनी शिपाई चिठ्ठी घेऊन आला: काही अपरिहार्य कारणास्तव आपल्याला निमंत्रण देता येत नाही. ज्या शाळेत बाईंनी उभा जन्म काढला त्या शाळेची चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात तळेगावच्या बाजारात एक लहान मुलगी भाजीवाल्याची पाटी मोठ्यानं वाचत होती. बाई सवयीनं तिच्याकडे वाकल्या, तर आईनं मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. त्या आईला खरं काय ते माहीत नव्हतं, बातमी तेवढी माहीत होती. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, भाजीची पिशवी खाली न ठेवता, उभ्या उभ्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “जरा पानी द्या.”

मी पाणी दिलं. चूक काढली नाही. तेवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडून तसं ऐकलं, आणि त्या दिवशी मला संपतचा, त्या पुण्याच्या टेबलाचा आणि स्वतःचा इतका राग आला की घरी जाऊन मी तो पेपर जाळणार होतो. बाईंनी फोन करून बजावलं, “तुमचा अंक जपून ठेवा. माझा हवालदारानं नेलाय.”

मग शुद्धिपत्र आलं. पान सात, ‘पाकीट हरवले आहे’च्या खाली, नखाएवढं. ‘परंदवडीच्या वृत्तात “खून केला” ऐवजी “खून केली” असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

संपतनंच ते फोनवरून सांगितलं होतं.

तो पेढे घेऊन बाईंकडे आला. खुलासा छापून आणला म्हणून खुशीत होता. बाईंनी त्याला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं वाचली. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण त्याच्या तोंडी तो शब्द तसाच होता. “बाई, मी पहिल्यापासनं ‘केली’च म्हनलो व्हतो,” तो शपथेवर सांगू लागला. “त्यांनी ‘केला’ केलं. आता झालं की बराबर!” बाईंनी पेढे ठेवून घेतले आणि संपतला घालवून दिलं. मग मला म्हणाल्या, “तिसरं पान. वरची जागा. चार कॉलम. जेवढी अक्षरं तेव्हा होती तेवढीच मोठी. मी मरायच्या आत.”

त्यांचं मागणं एवढंच होतं. त्यासाठी त्यांनी एक तप पोस्टकार्डं लिहिली. दर महिन्याला एक, त्या दैनिकाच्या संपादकाला, त्या महिन्यात सापडलेल्या चुकांच्या यादीसकट आणि खाली कायमची ओळ: ‘माझी खूण अजून आली नाही.’ उत्तर एकाचंही नाही.

आणि दर वर्षी त्या तारखेला वाचन. सकाळी दहाला मयत जीप काढायचा. आम्ही संपतच्या दुकानासमोर, बाकड्यावर. पेपर मी धरायचा, ही माझी शिक्षा. बाई वाचायच्या, चढ्या आवाजात. हळूहळू लोक मुद्दाम यायला लागले. रिक्षावाले, कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघालेली पोरं, समोरचा टपरीवाला. बाई सगळ्यांना चहा सांगायच्या आणि टपरीवाल्याला बोटानं दाखवायच्या: यांना सोडून.

“मथळा पहिला,” बाई सुरू करायच्या. “‘परंदवडीचा रस्ता सहा महिन्यांत चकाचक: भाऊंचे आश्वासन’. मयता, जीप कुठून आणलीस?”

“ओढ्यातनं, काकी.”

“का?”

“रस्त्यापेक्षा बरा हाय.”

“शून्य गुण. मथळा दुसरा. ‘लोणावळ्यातील वाहतूक कोंडी होणार इतिहासजमा’. कोणी रविवारी लोणावळ्याला गेलं होतं?” रिक्षावाल्यांतून हशा. एक म्हणायचा, “गेलतो, बाई. अजून परत आलो न्हाई.” शून्य. “‘कार्ल्याच्या पायथ्याशी लवकरच प्रशस्त वाहनतळ’. लवकर हा शब्द शुद्ध आहे. अर्धा गुण. ‘भाताला यंदा सोन्याचा भाव’. यावर मी काही बोलत नाही, समोर भात पिकवणारे बसलेत. ‘बिबट्या दिसल्याने घबराट’. खाली वाचा, शेवटची ओळ: ‘तो कुत्रा असावा, असे वनखात्याचे म्हणणे आहे.’ म्हणजे मथळ्यात बिबट्या आणि पोटात कुत्रा. याला एक गुण, निदान खाली कबूल तरी केलं.”

मग राशिभविष्य. बाईंची रास वृषभ. त्या दिवशी वृषभेला लिहिलं होतं: ‘अचानक प्रसिद्धीचे योग. जमिनीच्या कामात नाव होईल.’ “आख्ख्या पेपरात,” बाई म्हणायच्या, “एवढं एकच खरं छापलं होतं.” दहापैकी दहा.

सगळ्यात शेवटी तिसरं पान. बाई चष्मा पुसायच्या, मथळा वाचायच्या आणि दुकानाकडे तोंड करून विचारायच्या, “संपत, शब्द कोणता?” आतून, झेरॉक्स मशिनच्या मागून, संपतचा आवाज यायचा: “खून, बाई.” गर्दी फिदीफिदी हसायची. मीही हसायचो. चहा नसला तरी मला त्या दिवशी पोटभर वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. संपत आता तालुका प्रतिनिधी झाला होता, पोट सुटलं होतं, गळ्यात साखळी आली होती. पण त्या तारखेला तो दुकान बंद ठेवून पळून कधी गेला नाही. का, ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

अशी बारा वर्षं गेल्यावर त्या दैनिकाचं निमंत्रण आलं. तालुका आवृत्तीचा वर्धापनदिन, लोणावळ्याच्या एका हॉटेलात. दरमहा पत्र पाठवणारी वाचक म्हणून बाईंचा सत्कार. पुण्याला कोणीतरी पोस्टकार्डं मोजली होती, वाचली नव्हती.

“जाऊ नका,” मी म्हटलं. “थट्टा करतील.”

“तुम्ही पेपर इस्त्री करून आणा,” बाई म्हणाल्या.

लोणावळ्याच्या त्या सभागृहात काचेबाहेर धुकं आणि आत चिक्कीचे खोके. व्यासपीठावर पुण्याहून आलेले संपादक, शेजारी आमचे भाऊ. वायरी ओढत, खुर्च्या लावत घामाघूम झालेला संपत. बाईंना शाल दिली, नारळ दिला, काचेचं सन्मानचिन्ह दिलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ धरलं. त्यावर कोरलं होतं: ‘जेष्ठ वाचक’. मी पहिल्या रांगेत होतो. बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. संपादक म्हणाले, “बाई, दोन शब्द बोला.”

बाईंनी पर्समधून पेपर काढला.

रस्त्याच्या मथळ्याला लोक जपून हसले. वाहतूक कोंडीला मोकळेपणानं. बिबट्यापर्यंत आले तेव्हा हॉटेलचे वेटरसुद्धा दाराशी उभे राहून ऐकत होते. भाऊंनी फोन कानाला लावला, पण पलीकडे कोणी नसावं. संपादक हसत होते, ही काही गमतीची आजी आहे असं त्यांना वाटत होतं. मग बाईंनी पान उलटलं.

“संपत. उभा राहा.”

तो खांबाला टेकून उभाच होता. तरी तो ताठ झाला, हात पुढे बांधले. चाळिशीचा माणूस, सातवीतल्यासारखा.

“शब्द कोणता?”

“खून.”

“जीभ वर.”

“खून.”

लोक हसले. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, जीभ वर नेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि पुन्हा तेच आलं. हशा वाढला. मला वाटलं, आता बाई त्याला सोडणार नाहीत, आणि सोडू नये असंच मला वाटत होतं. पण संपत एकदम म्हणाला, “बाई, माझ्या तोंडाला न्हाई येत. लय घोकलं. पन मी ‘केली’ म्हनलो व्हतो. त्यांनी इचारलं, तरी मी परत ‘केली’च म्हनलो. तुमीच शिकवलंय, ती खून, ते न्हाई आन् तो न्हाई. माझं कुनी ऐकलंच न्हाई.”

बाईंनी पेपर खाली घेतला. बारा वर्षं तो हेच सांगायला दुकान उघडं ठेवून थांबत होता आणि बारा वर्षं आम्ही त्याचा ‘न’ तेवढा ऐकत होतो.

बाई संपादकांकडे वळल्या. “ऐकलंत? या मुलाचा उच्चार चुकला. लिंग चुकलं नाही, क्रियापद चुकलं नाही. वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्य ज्यानं चूक केलं आणि मेला कोण एवढंसुद्धा विचारलं नाही, तो तुमच्याकडे टेबलावर बसला होता. तो कोण?”

संपादकांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. बारा वर्षांपूर्वी त्या टेबलावर हे संपादकच बसत, हे संपतनं मला नंतर जेवणाच्या रांगेत सांगितलं. इतकी वर्षं त्यानं ते कोणालाही सांगितलं नव्हतं, नोकरी जाईल म्हणून.

“उद्याच्या अंकात खुलासा देतो,” संपादक म्हणाले.

“तिसरं पान. वर. चार कॉलम. आणि तो संपत लिहील. तुम्ही हात लावायचा नाही.”

“नाही लावत.”

“लिहून द्या.”

त्यांनी व्यासपीठावर, निमंत्रणपत्रिकेच्या मागे, लिहून दिलं. बाईंनी तिथल्या तिथे त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला. परतताना जीपमध्ये त्या अख्खा वेळ गुणगुणत होत्या. खंडाळ्याच्या बाजूचं धुकं मागे पडलं तसं त्यांनी ते ‘जेष्ठ’ मांडीवर घेतलं आणि पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला आणि मी चहाकडे बघितलंसुद्धा नाही. तशीच स्कूटर काढली. बाई ओट्यावर होत्या, चष्मा लावलेला, तांबड्या पेनाचं टोपण काढलेलं, तिसरं पान गुडघ्यांवर. ‘निवृत्त शिक्षिकेने बांधावर केली होती खूण’. अक्षरं तेवढीच मोठी. मी खिशातली पट्टी काढून मोजली, माझाही काही धर्म आहे.

बाई एकेक शब्द बोटाखालून नेत होत्या. शेवटपर्यंत गेल्या, परत वर आल्या, पुन्हा शेवटपर्यंत गेल्या.

“आठ ठिकाणी ण आहे,” त्या म्हणाल्या. “आठही बरोबर. या पोराला लिहिता सगळं येतं हो. बोलता येत नाही एवढंच. आणि मी याला तीन वर्षं पाणी पिऊ दिलं नाही.”

हे त्या मला सांगत नव्हत्या. मग त्यांनी नाक ओढलं आणि मजकुराखाली लिहिलं: ९. “एक उशिराबद्दल कापला,” असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही चहा घेऊन आलात?”

“नाही, बाई.”

“किती वाजले?”

“सात.”

त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मग उठल्या, आत गेल्या. स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, आल्याचा वास आला. दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक माझ्यासमोर ठेवला, दुसरा स्वतःजवळ. बारा वर्षांनी. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, मी मराठीचा नाही.

बाईंनी पेपर मिटून ठेवायला घेतला. मिटताना पहिलं पान वर आलं आणि त्या थांबल्या. चष्मा खाली-वर केला. पेपराच्या नावाखाली, तारखेशेजारी, जिथे संपतचा हात पोचत नाही आणि फक्त पुण्याचा पोचतो, तिथे वार छापला होता. ‘गुरूवार’.

“रु ऱ्हस्व,” बाई पुटपुटल्या. आणि मग, अगदी शाळेतल्या आवाजात, “ऱ्हस्व!”

पेनाचं टोपण पुन्हा निघालं. गोल पूर्ण झाला, एकदम घट्ट. त्यानंतर दोनच आठवड्यांनी बाई गेल्या; हा दुसरा पेपर ‘वाचन चालू ठेवा’ अशा निरोपासकट भाचीनं आणून दिला, पण मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत, म्हणून मला त्या नेहमी अशाच दिसतात: ओट्यावर, चष्मा नाकाच्या टोकाला, पेपर छातीशी धरलेला, आणि चेहऱ्यावर पुढची बारा वर्षं पुरेल एवढा आनंद.

मी कप उचलत होतो. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या कपाशेजारी ठेवला.

“आधी पोस्टकार्ड आणा,” त्या म्हणाल्या.